गढीतले पेव कोणी पाहिले आहे?

१/
बारामतीत कऱ्हा नदीच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. इंदापुरात मालोजीराजांच्या नावाने ओळखली जाणारी गढी आहे. बारामती तालुक्यातले सुपे भोसल्यांच्या जहागिरीतले जुने ठाणे. अशा ठिकाणी येणारा इतिहासप्रेमी तरुण आधी बुरूज शोधतो, त्याचे छायाचित्र काढतो आणि विचारतो, इथे लढाई कधी झाली? इथे धान्य कुठे साठवीत, असे विचारणारा विरळाच. हा धागा त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

२/
गढी ही मुख्यतः युद्धाची वास्तू आहे, असा समज रूढ आहे. त्या समजुतीने गढ्यांचे फार नुकसान केले आहे. तट आणि बुरूज हे गढीचे कवच. तिचा गाभा म्हणजे वसुलीची सदर, धान्याचे कोठार, पाण्याचा आड आणि जनावरांची पागा. कवच रंगवून, दिवे लावून उभे ठेवले आणि गाभा ढासळू दिला, तर हाती उरते ते नाटकाचे नेपथ्य. गावाचा आर्थिक इतिहास त्यातून वाचता येत नाही.

३/
थोडे दूर पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. इटलीच्या दक्षिणेकडील पुलिया प्रांतात ‘मासेरिया’ नावाची जुनी शेतघरे आहेत. स्पेनच्या अंदालुसियात त्यांनाच ‘कोर्तिहो’ म्हणतात. जाड भिंती, मोजके दरवाजे, मध्ये चौक, पावसाचे पाणी साठवणारे टाके, ऑलिव्हचा घाणा, बाजूला मेंढवाडा. १४८० मध्ये ओत्रांतोवर तुर्की आरमाराचा हल्ला झाला. पुढेही समुद्रावरून धाडी येत राहिल्या, म्हणून कित्येक मासेरियांना बुरूज आले आणि दरवाजाच्या माथ्यावर शत्रूवर मारा करण्यासाठी भोके आली. तरीही तिथला अभ्यासक मासेरियाला किल्ला म्हणत नाही. तो तिला शेतीची वास्तूच म्हणतो.

४/
ही दृष्टी तिकडे फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन शेतीलेखक कोलुमेला याने ग्रामीण वास्तूचे तीन भाग सांगितले : मालकाच्या राहण्याचा, कामकरी माणसांचा व जनावरांचा, आणि उत्पन्न साठवण्याचा. साठवणीला त्याने मालकाच्या दालनांइतकेच स्वतंत्र स्थान दिले. हेच तीन भाग मनात धरून भीमा-नीरेच्या दुआबातली एखादी गढी पाहावी. पडक्या भिंतींमधूनही तिची रचना उलगडू लागते.

५/
गढी सहसा गावातल्या उंचवट्यावर असते. कोपऱ्यांना बुरूज, एक मोठा दरवाजा आणि त्यातच माणसाला वाकून जावे लागेल असा लहान दिंडी दरवाजा. आत शिरताच दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. पहिल्या चौकात सदर. येथे वसुली, निवाडा, कागदपत्र. दुसऱ्या चौकात सोपा, माजघर, देवघर. त्यामागे स्वयंपाकघर, परसू आणि आड. कडेने पागा, गोठे, नोकरांच्या खोल्या. बाहेरचा माणूस किती आत येऊ शकतो, हे त्याचा दर्जा ठरवी आणि तो दर्जा चौकांच्या क्रमातच बांधून ठेवलेला असे.

६/
बांधणीचे साहित्यही या कोरडवाहू मुलखाचेच. पाया आणि खालचे थर काळ्या पाषाणाचे. त्यावर भाजक्या विटा किंवा चोपून बसवलेली पांढरी माती. आत सागवानी खांब, तुळया आणि त्यांवर माळवद. बारामती-इंदापूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून येथे कोकणासारखे उतरते छप्पर लागत नाही. लाकडावर मातीचे जाड थर देऊन केलेले सपाट माळवद उन्हाळ्यात गारवा देते, रात्री झोपायला आणि दिवसा धान्य वाळवायलाही उपयोगी पडते. मात्र दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चोपावी लागते. एवढी एक अट चुकली की घर गळू लागते.

७/
आता कोठार. जमिनीवर कणग्या, भिंतीत बळदे आणि जमिनीखाली पेवे. पेव म्हणजे अरुंद तोंडाचा, आत रुंदावत गेलेला खोल खड्डा. आतून कडबा-भुसाचे अस्तर, मग ज्वारी, वर माती. वारा-पाणी आत गेले नाही तर धान्य दीर्घकाळ टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. कोंडलेली हवा जीवघेणी असते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आजही रोज वर्तमानपत्रात छापला जातो. पण प्रत्यक्ष पेव पाहिलेला तरुण वाचक शोधून सापडणार नाही. भाषेत शब्द उरला आहे, गावात वस्तू उरलेली नाही.

८/
एवढे धान्य गढीत येई कुठून? येथे मासेरिया आणि गढी यांच्यातला मोठा फरक समोर येतो. मासेरियाच्या मालकाचे सामर्थ्य त्याच्या जमिनीत होते : सलग शेते, ऑलिव्हच्या बागा, कुरणे. दख्खनच्या देशमुख-पाटलांचे सामर्थ्य वतनात होते. वतन म्हणजे पिढीजात अधिकार आणि त्याबरोबर येणारा पिकातला वाटा. वतनदाराकडे स्वतःची इनाम जमीन असेच. पण गढीचे पेव भरत ते मुख्यतः इतरांनी कसलेल्या रानातून येणाऱ्या हक्काच्या धान्याने.

९/
परगण्यावर देशमुख व देशपांडे, गावात पाटील व कुळकर्णी. वसुलीची हमी, जमिनीचा हिशेब, वादांचा निवाडा, पडीक रान लागवडीस आणणे ही त्यांची कामे. त्याबदल्यात ठरलेले हक्क आणि मानपान. दसऱ्याला आपट्याची पाने कोणी आधी वाहायची, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली ती केवळ अहंकारामुळे नव्हेत. मान हा हक्काचा पुरावा होता. गढी म्हणजे त्या हक्काचे दगडामातीतले दप्तर होते.

१०/
जहागीर ही याहून निराळी गोष्ट. जहागीर राजसत्ता देई आणि काढूनही घेई; वतन मात्र सत्ता बदलली तरी बहुधा टिके. पुणे, सुपे, इंदापूर हा मुलूख भोसल्यांच्या जहागिरीत होता. मालोजीराजांना इंदापूरच्या लढाईत मरण आले, अशी परंपरा आहे. सुप्याचा कारभार पाहणाऱ्या संभाजी मोहित्यांना बाजूला करून शिवाजी महाराजांनी तो परगणा हाती घेतला. स्वराज्याच्या उभारणीत अशा ठाण्यांचे महत्त्व तटाच्या उंचीवर ठरत नव्हते. ठाणे हाती म्हणजे परगण्याची वसुली हाती आणि वसुली हाती म्हणजे फौजेचा पगार हाती.

११/
बारामतीच्या नाईकांचा वाडा आणखी वेगळ्या सत्तेची साक्ष देतो. ती सत्ता पैशाची. सदाशिव नाईक जोशी, म्हणजेच बाबूजी नाईक, हे पेशव्यांचे बडे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई दिलेली होती. असे आप्त असूनही १७४० मध्ये थोरले बाजीराव निवर्तल्यावर नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी याच बाबूजींचे नाव पुढे केले. शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली. तरी कऱ्हाकाठचा एक सावकार साऱ्या मराठी राज्याच्या पंतप्रधानपदाचा उमेदवार होऊ शकला, ही गोष्ट बरेच सांगून जाते. बाजीरावांच्या मोहिमांवर कर्जाचा डोंगर होता आणि त्या कर्जाचा एक मोठा धनको बारामतीचा होता.

१२/
त्याच आश्रयाने बारामतीला मोरोपंत लाभले. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेल्या या कवीने नाईकांच्या पदरी राहून आयुष्याचा मोठा काळ बारामतीत काढला आणि १७९४ मध्ये तेथेच देह ठेवला. ‘आर्याभारत’ आणि ‘केकावली’ यांचा कर्ता या गावी निश्चिंतपणे लिहू शकला, याचे कारण वाड्याच्या सदरेवर होते आणि कोठारातही होते. मराठी काव्याच्या इतिहासात आश्रयदात्यांची नावे येतात. त्यांच्याकडे येणारे धान्य कोणत्या शिवारांतून आले, हे मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

१३/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. नव्या सरकारला वसुली हवी होती, मध्यस्थ नको होते. पुणे जिल्ह्यात रॉबर्ट प्रिंगलने केलेली पहिली आकारणी फसली. दर न पेलवल्याने इंदापुरात रान ओस पडू लागले. तेव्हा हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट या दोघांनी याच इंदापूर तालुक्यात नवी पद्धत घातली. शेत साखळीने मोजायचे, त्याला क्रमांक द्यायचा, मातीचा रंग व खोली पाहून प्रत ठरवायची आणि त्यावर बसवलेला दर ३० वर्षे बदलायचा नाही. १८३६ मध्ये तो दर इंदापुरात लागू झाला.

१४/
पुढे मुंबई इलाखाभर पसरलेल्या रयतवारी मोजणीची ही पहिली पाटी होती. आज सातबारा हातात घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचा इंदापूरशी असा संबंध आहे. या पद्धतीत सरकारचा व्यवहार थेट खातेदाराशी होता. देशमुख-देशपांड्यांचे हक्क कागदोपत्री काही काळ चालू राहिले. काम मात्र उरले नाही. पाटील-कुळकर्णी सरकारी नोकर झाले. सारा रोख रकमेत भरायचा, मग सदरेवर धान्य मोजायचे कशाला? गढीवर तोफ डागली गेली नाही. एका मोजणीच्या साखळीने तिचे प्रयोजन हिरावून घेतले.

१५/
सत्ता मात्र गावातून गेली नाही. तिने घर बदलले. रोख सारा भरण्यासाठी रयत सावकाराच्या दुकानात जाऊ लागली आणि पेवाची जागा खतवहीने घेतली. १२ मे १८७५ रोजी दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले ते सुप्याच्या बाजारात. जमावाचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. खते मिळवून जाळणे हा त्याचा हेतू होता. या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुप्याचा इतिहास सांगताना मोहिते प्रकरण हमखास येते आणि १८७५ बहुतेक वेळा गळते. दोन्ही घटनांत प्रश्न तोच होता : या रानातल्या पिकावर हक्क कोणाचा?

१६/
भूमध्य प्रदेशातल्या इस्टेटीशी खरोखर जुळणारी गोष्ट या भागात आली ती विसाव्या शतकात. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला. इंदापूर तालुक्यात कळंबच्या परिसरात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने हजारो एकरांची सलग शेती आणि १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला, तेच वालचंदनगर. एका मालकाच्या हाती सलग जमीन, एकच मुख्य पीक, मधोमध त्यावर प्रक्रिया करणारी यंत्रे आणि भोवती कामगारांची वसाहत. ऑलिव्हच्या घाण्याच्या जागी उसाचा चरक ठेवला की चित्र पुरे होते.

१७/
स्वातंत्र्यानंतर कायद्यांनी ही दोन्ही जगे मोडली. १९४८ चा कूळकायदा, १९५० चा परगणा व कुळकर्णी वतने नष्ट करणारा कायदा, १९६२ चा पाटीलकी संपवणारा कायदा. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. वालचंदनगरची शेतीही त्यात होती. ज्यांनी आपली जमीन कारखान्यांना खंडाने दिली होती, त्या खंडकरी शेतकऱ्यांचा ती परत मिळवण्याचा लढा त्यानंतर काही दशके चालला. हे कायदे न्याय्य आणि आवश्यक होते. मात्र जमीन आणि हक्क यांचा विचार करताना त्यांच्यावर उभ्या असलेल्या घरांचा विचार कोणीच केला नाही.

१८/
इटलीतही १९५० मध्ये जमीनसुधारणा झाली, पुलियातल्या मोठ्या इस्टेटी फुटल्या, कितीतरी मासेरिया ओस पडल्या. पण त्या चुनखडकाच्या होत्या; ओस पडूनही उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये तिथे कृषी पर्यटनाचा कायदा झाला आणि त्यांतल्या अनेकींना पाहुण्यांचे उत्पन्न मिळू लागले. काही आज महागडी हॉटेले आहेत. तिथे घाण्याच्या जागी भोजनगृह आले आणि कष्टकऱ्यांच्या कोठड्या शयनगृहे झाल्या. तो मार्गही निर्दोष नाही. घर वाचले तरी त्यातले श्रम विसरले जातात, हा धडा तिथूनच घ्यावा.

१९/
गढीला मात्र तेवढीही सवड मिळत नाही. ती मातीची आणि लाकडाची. माळवदावर माती पडायची थांबली की काही पावसाळ्यांत तुळया कुजतात. सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर वारसांची नावे वाढत जातात. घर सर्वांचे असते, डागडुजी कोणाचीच नसते. मग कोरीव सागवान जुन्या लाकडाच्या बाजारात जाते आणि पांढरी माती गाड्या भरून दुसऱ्याच्या कामाला लागते. अशा मातीत तीनशे वर्षांची खापरे, बिया, राख, हाडे मिसळलेली असतात. गावाने काय खाल्ले, दुष्काळात काय केले, याचा तो पुरावा कोणत्याही बखरीत नाही.

२०/
त्यातच गुप्तधनाची कथा. बुरुजाखाली हंडे आहेत, तळघरातून भुयार थेट डोंगरावर निघते, असे प्रत्येक गढीबद्दल सांगितले जाते. समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती या कथांना खतपाणी घालतात आणि रात्री कुदळी चालतात. दुर्दैवाचा भाग असा, की जमिनीखालच्या ज्या पोकळीला भुयार समजून फोडले जाते, ती पुष्कळदा पेव असण्याचा संभव असतो. खजिना शोधताना खरा खजिनाच उद्ध्वस्त होतो.

२१/
येथे दोन आक्षेप निघतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला : गढ्या या सरंजामी वर्चस्वाच्या खुणा, वेठबिगारी आणि जातीची उतरंड ज्या दरवाजाने रोज दाखवली, तो जपायचा कशाला? उत्तर असे, की तो दरवाजा पडल्याने उतरंडीचा इतिहास पुसला जात नाही. पुसला जातो तो फक्त पुरावा. भिंत रचणारा गवंडी, तुळई घडवणारा सुतार, चौकाबाहेर थांबवला गेलेला महार, पेव भरणारा कुणबी यांची नावे दप्तरात क्वचितच येतात. त्यांच्या हातचे काम आणि त्यांना आखून दिलेली जागा या घरातच दिसते.

२२/
दुसरा आक्षेप : शौर्याच्या स्मृतीमुळेच लोक गढीकडे येतात, निधी मिळतो, पेवासाठी कोण येणार? हेही खरे. मालोजीराजांच्या नावाने इंदापूरकरांचे मन जोडलेले आहे आणि ते तसे असणे स्वाभाविक आहे. ती भक्ती सोडण्याची गरज नाही. तिने गढीच्या आतही पाहावे, एवढेच. ज्या राजाने रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नये म्हणून ताकीद दिली, त्याच्या इतिहासात धान्याचा हिशेब गौण कसा असेल?

२३/
म्हणून संवर्धनाचा क्रम बदलायला हवा. आज गढीसाठी पैसा आला की तो दरवाजा, फरसबंदी, रोषणाई आणि पुतळा यांवर जातो. आड बुजवला जातो, सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीचा श्वास कोंडतो. त्याऐवजी आधी मोजणी आणि नकाशा, मग माळवद व पाण्याचा निचरा, मग कोठार, पेव, पागा आणि आड, आणि सर्वांत शेवटी शोभा. १९६० च्या राज्य पुरातत्त्व कायद्याखाली गावोगावची प्रत्येक गढी संरक्षित होणे शक्य नाही. पण ग्रामपंचायतीने तिची माती उचलू न देणे आजही शक्य आहे. बारामती परिसर कृषी पर्यटनाच्या राज्यातील सुरुवातीच्या प्रयोगांसाठी ओळखला जातो आणि २०२० मध्ये राज्याने त्याचे धोरणही केले. हुरडा खायला आलेल्या पाहुण्याला ज्वारीचे पेव दाखवता आले, तर त्याहून चांगला इतिहासाचा धडा कोणता?

२४/
उजनी धरणाच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर वर येते आणि लोक गर्दी करतात. देऊळ दगडाचे होते, म्हणून ते पुन्हा दिसते. मातीची घरे पुन्हा वर येत नाहीत. पाण्याबाहेरच्या गढ्यांची स्थितीही याहून फार वेगळी नाही. त्या कोरड्या जमिनीवर विरघळत आहेत.

२५/
पुढच्या सुटीत एखाद्या गढीवर जाणाऱ्याने बुरुजाचे छायाचित्र जरूर काढावे. त्यानंतर चौक पावलांनी मोजावेत, आड कुठे आहे ते पाहावे, बळदाची खूण शोधावी, गावातल्या एखाद्या वृद्ध आजींना विचारावे : पेव कुठे होते, ते शेवटचे कधी उघडले, त्यातली ज्वारी कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही? उत्तर लिहून घ्यावे, तारखेसह. पेव जिथे होते ती जागा सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि भिंतींना पुढचा पावसाळा काढायचा आहे.